अंग जपणे म्हणजे अंगचोरी नव्हे



पोळ्याच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ आठवून पाहा. बैल धुऊन आणलेले असतात. चुलीवर पाणी तापत असते. घरातली कर्ती बाई वाटीत तूप घेऊन त्यात हळद कालवते. मग घरधनी गोठ्यात जातो. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेला बैलाचा खांदा कोमट पाण्याने शेकतो आणि हळदीचे तूप जिरेपर्यंत हळूहळू मळतो. कुठे गाठ लागते का, कुठे कातडे सोलवटले आहे का, हे बोटांनी चाचपून पाहतो. शेवटी बैलाच्या कानाशी लागून उद्याच्या जेवणाचे आवतण देतो. कोणी याला खांदेमळणी म्हणतात, कोणी खांदशेकणी. आपल्या सगळ्या सणांत मला ही संध्याकाळ फार आवडते.

आता एक प्रश्न विचारतो, रागावू नका. असा हात स्वतःच्या खांद्यावरून फिरवल्याला तुम्हाला किती वर्षे झाली?

मी कृषी खात्यातला माणूस. माती, बियाणे, खते, कीड-रोग हा माझा विषय. माणसाच्या शरीराचा विषय डॉक्टरांचा. त्यात मी कशाला लुडबुड करतो, असे कोणी म्हणेल. पण तीस वर्षे बांधाबांधाने हिंडताना एक गोष्ट मी पाहत आलो आहे. जमिनीचा पोत बिघडला तर शेतकरी मातीचा नमुना घेऊन येतो. गाईने वैरण सोडली तर दवाखाना गाठतो. पण स्वतःचे अंग दुखले तर म्हणतो, "चालायचंच." हे चालायचंच आमच्या घरात सव्वीस वर्षे चालले. त्याचीच हकिकत आज सांगणार आहे.

गाईचे अंग आणि आईचे अंग

साल २००४. पोळा होऊन आठवडा झाला असेल. आमची लाल गाय रात्री व्याली आणि तासाभराने तिचे अंग बाहेर आले. ज्यांच्या घरी दुभते जनावर आहे त्यांना हे दृश्य किती भयंकर असते ते सांगायला नको. वडिलांनी हाळी दिली, "अंग बाहेर आलंय, धावा!" आळीतली चार घरे जागी झाली. कोणी बॅटरी आणली, कोणी धुवट धोतर आणले. एकजण कुत्री हाकलत उभा राहिला. मी मोटारसायकलवर जाऊन पशुवैद्य डॉक्टरांना घेऊन आलो. त्यांनी पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने अंग स्वच्छ धुतले, हळूहळू आत सारले आणि टाके घातले. पहाटेपर्यंत गाय उभी राहिली. त्या सबंध वेळात माझी आई गाईचे डोके मांडीशी धरून बसली होती.

सकाळी शेण काढता काढता आई गोठ्यातल्या दगडावर टेकली आणि माझ्या पत्नीला म्हणाली, "गाईचं बरं हाय बाई. तिचं अंग बाहेर आलं तर अर्धी आळी बॅटऱ्या घेऊन आली."

पत्नीला काही कळेना. ती म्हणाली, "आत्याबाई, असं का म्हणता?"

मग आईने सांगितले. तिला तोच त्रास होता. १९७८ सालच्या कार्तिकात माझा धाकटा भाऊ जन्मला. त्या वर्षी कापूस बरा आला होता आणि वेचणीला माणूस मिळत नव्हते. बाराव्या दिवशी आई रानात गेली. संध्याकाळी कापसाचे गाठोडे डोक्यावर घेऊन आली, तेव्हाच काहीतरी खाली सरकल्यासारखे तिला वाटले होते. पुढे ते वाढत गेले. वजन उचलले, खोकला आला, की अंग खाली उतरायचे. ती घट्ट कापड बांधून निंदायला जायची. लघवी थांबत नसे, म्हणून लग्नकार्याला जाणे तिने बंद केले होते. आम्ही समजत होतो, आईला माणसांत मिसळायची आवड नाही.

सव्वीस वर्षे. एका घरात, एका छपराखाली.

रात्री पत्नीने मला हे सांगितले तेव्हा मला मान वर करवेना. त्याच आठवड्यात मी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर पशुपालकांना सांगून आलो होतो, की गाभण गाईला शेवटचे दोन महिने आटवा, तिला विश्रांती द्या, व्याल्यावर लगेच ताण देऊ नका. ज्या माउलीच्या पोटी मी जन्मलो तिला बारा दिवसांची विश्रांती मिळाली होती.

वडिलांना सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बैलाच्या खांद्याला गाठ आली तर मी चार-चार दिवस जू ठेवीत नाही." एवढेच बोलून ते उठले आणि घागर घेऊन स्वतः पाण्याला गेले. आमच्या घरात पुरुषाने पाणी भरण्याची ती पहिली वेळ.

जिल्ह्याच्या ठिकाणी स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना दाखवले. त्रास फार पुढे गेलेला होता, त्यामुळे शस्त्रक्रिया करावी लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुरुवातीलाच आणले असते तर व्यायामाने किंवा आत बसवायच्या साध्या कडीनेही कदाचित भागले असते. आई त्यानंतर चौदा वर्षे जगली आणि नात्यातले एकही लग्न तिने चुकवले नाही. ही हकिकत छापायची परवानगी तिने स्वतः मला दिली होती. "माझं नाव घालू नको, पण दुखणं सांग," असे तिचे शब्द होते.

आपली भाषा काय सांगते?

या प्रकारानंतर मी आपल्याच बोलण्याकडे कान देऊ लागलो. अंगमेहनती म्हटले की माणसाची स्तुती झाली. अंगचोर म्हटले की शिवी झाली. 'अंग राखून काम करतो' ही मजुराविरुद्धची तक्रार. आणि 'दुखणे अंगावर काढले' हे सांगताना आपल्या आवाजात थोडा अभिमान असतो. म्हणजे अंग झिजवणे हे पुण्य आणि अंग जपणे हे पाप, असा हिशेब आपण लहानपणापासून शिकत आलो.

झिजण्यात मोठेपणा आहे हे मी नाकारत नाही. कष्टावाचून शेती होत नाही. पण बैलाला विसावा देणाऱ्या शेतकऱ्याला कोणी आळशी म्हणत नाही, जाणता म्हणतात. जमीन पड ठेवणाऱ्याला कोणी कामचुकार म्हणत नाही. मग दुपारी घटकाभर पाठ टेकणाऱ्या सुनेला आपण काय म्हणतो, ते ज्याने त्याने आठवून पाहावे.

ही एका घरातली गोष्ट नव्हे

डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. तिचे निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या ६५० पैकी ९२ टक्के स्त्रियांना गर्भाशयाचा किंवा जननमार्गाचा काही ना काही आजार आढळला. पण त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. उरलेल्यांची तपासणी कधी झालीच नव्हती. वाचकहो, हा आकडा वाचून मला आमचा गोठा आठवला.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती तितकीच वाईट आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणीला जाणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ज्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले होते. कित्येकींचे वय अजून ऐन उमेदीचे होते. तोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एक दिवस खाडा झाला की दंड. अशा वेळी पाळी म्हणजे अडचण आणि अंगावरून पांढरे जाणे म्हणजे कटकट. मग 'पिशवी काढून टाका' हा सल्ला सोयीचा वाटू लागतो. उचल, मुकादम आणि दंड यांच्या चरकात सापडलेल्या त्या भगिनींना मी दोष देत नाही. पण तिथेही विचार तोच आहे. अंग म्हणजे कामाच्या आड येणारी वस्तू. पहिल्या प्रकारात ती लपवली, दुसऱ्या प्रकारात काढून टाकली. तिची विचारपूस दोन्ही वेळा झाली नाही.

म्हणून स्पष्ट सांगतो. गर्भाशय काढणे कधी कधी खरोखर गरजेचे असते, माझ्या आईचे काढावे लागलेच. पण पांढरे जाणे, कंबर दुखणे, पाळी अनियमित होणे एवढ्यावरून कोणी लगेच तो सल्ला दिला, तर जिल्हा रुग्णालयात किंवा दुसऱ्या डॉक्टरांकडे दाखवल्याशिवाय होकार देऊ नका. लहान वयात गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले तर हाडे लवकर ठिसूळ होतात आणि पुढचे दुखणे आणखी वाढते.

काळी आई आणि काळी मुलगी

अंगाशी वैर फक्त दुखण्यापुरते नसते. रूपाचेही असते. आपण काळ्या जमिनीला काळी आई म्हणतो. पंढरीच्या काळ्या विठोबासाठी वीस-वीस दिवस पायी चालतो. आणि घरात मुलगी सावळी जन्मली की पहिला शब्द निघतो, "रंगानं जरा डावीच आहे." ती पोर मोठी होईपर्यंत हा शब्द रोज तिच्या कानावर पडतो. मग ती दहावीत गेल्यावर बाजारातून मलमाची नळी आणते. असल्या नळ्यांत काही वेळा स्टेरॉइड असते. त्याने पहिले चार दिवस कातडी उजळल्यासारखी वाटते, पुढे ती पातळ होते, लाल पडते, चेहऱ्यावर लव वाढते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे मलम चेहऱ्याला लावू नये.

कातडीतला काळा रंग म्हणजे उन्हापासून वाचवण्यासाठी निसर्गाने घातलेले पांघरूण आहे. उन्हात राबणाऱ्याला त्याची गरज अधिक. आपल्या जातिवंत जनावराच्या रंगाचे आपण कौतुक करतो. घरच्या लेकराच्या रंगाचे करता येत नसेल, तर निदान नाव ठेवू नये.

हाताच्या घट्ट्यांचेही तसेच. शहरात शिकणाऱ्या मुलाच्या खोलीवर गेलेली आई पदराखाली हात लपवते, टाचांच्या भेगा दिसू नयेत म्हणून चपला काढायला कचरते, हे मी पाहिले आहे. माय माउलींनो, त्या हातांनी निंदलेल्या रानावर त्या मुलाची फी भरली आहे. भेगांची लाज बाळगू नका, पण त्यांची हेळसांडही करू नका. रात्री कोमट पाण्यात पाय बुडवा, घासून कोरडे करा आणि कोकमाचे किंवा खोबऱ्याचे तेल चोळा. साखरेचा आजार असेल तर पाय बुडवून न ठेवता कोमट पाण्याने नुसते धुवा, आणि तळपाय रोज निरखून पाहा. छोटी जखमही दवाखान्यात दाखवा.

पुरुषांनीही ऐकावे

बंधूंनो, हा लेख फक्त बायकांचा आहे असे समजून पान उलटू नका. आपली खोड वेगळी आहे. बायका अंग लपवतात, आपण अंगाची मिजास करतो. "आपल्याला काही होत नाही," असे म्हणून उघड्या अंगाने फवारणी करतो, गच्च नोझल तोंडाने फुंकतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जण दगावले. त्यांत हलगर्जीपणा कोणाकोणाचा होता हा वेगळा विषय. पण तोंडाला फडके, हातात मोजे, अंगभर कपडे, वाऱ्याकडे पाठ आणि काम संपल्यावर साबणाने आंघोळ, एवढे तरी आपल्या हाती आहे. ते केल्याने कोणी भित्रा ठरत नाही.

दुसरी खोड म्हणजे थकव्याचा आवाज बंद करणे. भूक लागली की तंबाखूचा बार, पाठ दुखली की संध्याकाळी बाटली. अंग सांगते, "मी दमलो." आपण त्याचे तोंड दाबतो. खेकसून काम करून घेणाऱ्या मालकाकडे गडी टिकत नाही, हे आपल्याला माहीत आहे. अंगाला मात्र मालक सोडून जाता येत नाही, म्हणून ते कधीतरी मधेच बसकण मारते.

माझी स्वतःचीही गोष्ट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, साहेब दुसऱ्यांनाच उपदेश करतात. दोन वर्षांपूर्वी माझे गुडघे कुरकुरू लागले. डॉक्टरांनी शिवारात जाताना काठी वापरायला सांगितले. मला लाज वाटली. अजून निवृत्तीही झाली नाही आणि हाती काठी? एका शिवारफेरीत बांधावरून घसरलो आणि सगळ्यांसमोर सरीत बसलो. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने हात देऊन उठवले आणि म्हणाला, "साहेब, टोमॅटोला काठीचा आधार द्या म्हणून तुम्हीच सांगता की. त्यात टोमॅटोची काय बेअब्रू होते?" सगळे हसले, मीही हसलो. दुसऱ्या दिवशीपासून काठी घेतली.

मग करायचे काय?

अंगाशी गोडीने वागायचे म्हणजे आरशापुढे बसायचे नव्हे. शेतकऱ्याच्या घरात ते कसे जमेल, याच्या काही साध्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, अंगाशी बोलण्याची. "मेलं हे कंबरडं", "फुटके पाय", "आता काय, मोडकं खटारं" असे शब्द आपण दिवसातून दहादा उच्चारतो. आपल्या बैलाला कोणी तसे बोलले तर आपण खपवून घेत नाही. दुखरा अवयव म्हणजे शत्रू नव्हे, घरातला थकलेला माणूस आहे. "आज कंबर दमली आहे," असे म्हणून पाहा. शब्द बदलला की पुढची वागणूकही बदलते.

दुसरी गोष्ट, अवजाराची. अवजार माणसाच्या मापाचे हवे. वाकून वाकून कंबर मोडण्यापेक्षा सरळ उभे राहून चालवायचे सायकल कोळपे ओळीतल्या पिकात वापरता येते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला वैभव विळा हलका आणि दातेरी आहे. त्याला वारंवार धार लावावी लागत नाही आणि मनगटाला हिसके कमी बसतात. परभणीच्या कृषी विद्यापीठातही शेतकरी स्त्रियांचे कष्ट हलके करणाऱ्या साधनांवर बरीच वर्षे काम झाले आहे. तिथे किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. खुरप्याची मूठ खरखरीत असेल तर कापड गुंडाळा. पन्नास किलोचे पोते एकट्याने उचलण्यात शौर्य नाही. दोघांनी धरा, किंवा दोन खेपा करा. खालचे ओझे उचलताना कंबरेतून वाकू नका, गुडघे मुडपून बसा आणि ओझे पोटाशी धरून उठा.

तिसरी गोष्ट, बाळंतिणीची. आपल्या जुन्या माणसांनी सव्वा महिना पाळायला सांगितला. आजचे डॉक्टरही प्रसूतीनंतरचे सहा आठवडे अंग पूर्वपदावर येण्याचे मानतात. दोघांचा हिशेब जवळजवळ एकच झाला. या काळात बाळंतिणीने हिंडू-फिरू नये असे नाही, पण हंडे, पाट्या, गाठोडी तिच्या डोक्यावर देऊ नका. विटाळ म्हणून तिला कोपऱ्यात बसवू नका, विश्रांती म्हणून बसवा. या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

चौथी गोष्ट, एका व्यायामाची. १९४८ साली आर्नल्ड केगेल या अमेरिकी डॉक्टरांनी हा व्यायाम लोकांपुढे आणला. लघवी किंवा वायू रोखताना आपण खालचे स्नायू आवळतो. तेच स्नायू मनात पाच अंक मोजेपर्यंत आवळून धरायचे आणि तेवढाच वेळ सैल सोडायचे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडायचा नाही, पोट-मांड्या ताणायच्या नाहीत. लघवीला बसल्यावर मात्र हा सराव करू नये. चुलीपुढे, बाजेवर, एसटीत, कुठेही करता येतो, कोणाला कळतही नाही. खोकताना, हसताना थेंब थेंब लघवी होणाऱ्या कित्येक जणींना याने उतार पडतो, पण निदान तीन महिने नेमाने करावा लागतो. अंग थोडे खाली उतरू लागले असेल तेव्हाही उपयोग होतो. अधिक उतरले असेल तर आत बसवायची कडी आणि शस्त्रक्रिया हे उपाय आहेत. त्याबरोबर बद्धकोष्ठ होऊ देऊ नये आणि जुना खोकला अंगावर काढू नये, कारण दोन्हींत कुंथण्या-खोकण्याचा जोर खालीच जातो.

पाचवी गोष्ट, ताटाची. घरातल्या सगळ्यांची जेवणे झाल्यावर उरलेसुरले खाणारी बाई आपण गृहलक्ष्मी म्हणून पुजतो. दुभत्या गाईचा खुराक कोणी शेवटी देत नाही. आठवड्यातून एक दिवस तरी सगळे एका पंगतीला बसा. रोज जमले तर फारच उत्तम. भाजी, डाळ, भाकरी पहिल्यापासून सारखी वाढून घ्या. अन्न अंगी लागायला ते आधी ताटात पडावे लागते.

सहावी गोष्ट, दवाखान्याची. सांगायला संकोच वाटत असेल तर आधी गावातल्या आशाताईला सांगा. प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात स्त्री डॉक्टर कोणत्या दिवशी असतात, ते ती सांगेल आणि सोबतही येईल. पुरुषांनी बायकोला, आईला एकदा सरळ विचारावे, "तुला काही त्रास आहे का?" पहिल्या वेळी "काही नाही" हेच उत्तर येईल. चार दिवसांनी पुन्हा विचारावे.

जे बदलत नाही त्याच्याशी

काही गोष्टी उपायाने सुधारतात, काही सुधारत नाहीत. मळणी यंत्रात गेलेली बोटे परत येत नाहीत. वाकलेली पाठ सत्तरीत सरळ होत नाही. कोडाचे डाग उपचाराने काहींचे जातात, काहींचे राहतात. तिथे काय करावे?

माझ्या माहितीतल्या एका शेतकऱ्याची दोन बोटे अशीच गेली. चार वर्षे तो लग्नकार्यात उजवा हात खिशात घालून उभा राही. एकदा त्याच्या नातवाने त्या हाताची उरलेली बोटे मोजली, "एक, दोन, तीन," आणि तेच बोट धरून चालू लागला. तेव्हापासून हात खिशाबाहेर आला. नातवाने काही तत्त्वज्ञान सांगितले नव्हते. त्याला चालायला धरण्यापुरते बोट हवे होते, ते तिथे होते.

आपण जमिनीच्या बाबतीत हेच करतो. सगळ्यांच्या वाट्याला खोल काळी जमीन येत नाही. कोणाची मुरमाड असते, कोणाची चोपण. म्हणून कोणी जमिनीला रोज शिव्या देत बसत नाही. कुठे बाजरी येते, कुठे सीताफळ येते, ते पाहून आपण तिच्याशी जुळवून घेतो, बांध घालतो, शेणखत देतो. मिळालेल्या अंगाशी तसेच जुळवून घ्यावे. त्याला दुसऱ्याच्या अंगाच्या शेजारी उभे करून मापू नये.

वाटीतले तूप

शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी वडिलांनी नेहमीप्रमाणे बैलांचे खांदे मळले. वाटीत थोडे तूप उरले होते. ते माझ्या पत्नीच्या हाती देऊन वडील म्हणाले, "तुझ्या सासूच्या खांद्याला लाव. तिनंही कमी वाहिलं नाही." आई लाजली. "काहीतरीच," म्हणाली. पण ओट्यावर बसली आणि पत्नीने तिचे खांदे मळले. डोक्यावरच्या ओझ्याने मानेच्या मुळाशी दोन्ही बाजूंना गाठी झाल्या होत्या, त्या त्या दिवशी पहिल्यांदा कोणाच्या बोटांना लागल्या.

आई २०१८ साली गेली. आता आमच्या दावणीला बैलही नाहीत, नांगरटीला भाड्याचा ट्रॅक्टर येतो. पण आदल्या संध्याकाळी तूप-हळद तापवायची पद्धत आम्ही मोडलेली नाही. घरातले सगळे ओट्यावर बसतो आणि एकमेकांचे खांदे मळतो. पहिल्या वर्षी पोरे हसली, आता तीच आठवण करतात.

तुमच्याकडे बैल असोत वा नसोत, यंदा वाटीत थोडे तूप जास्त घ्या. बैलांचे झाल्यावर घरातल्या थोरल्या बाईला आधी बसवा. आणि खांदा मळताना बोटांना गाठ लागली, तर विचारायला विसरू नका, "हे कधीपासून आहे?"